लेन चारची वेळ

गेल्या वर्षीच्या इंटर-हाऊस जलतरण स्पर्धेत ज्युनियर गटाच्या १०० मीटर फ्रीस्टाइलचा निकाल जाहीर झाला, तेव्हा माइकवरून सांगण्यात आलं की तांत्रिक बिघाडामुळे या शर्यतीची इलेक्ट्रॉनिक वेळ मिळू शकलेली नाही. तो तांत्रिक बिघाड म्हणजे मी. ही गोष्ट आता हाऊसमध्ये बऱ्याच जणांना माहीत आहे, पण अर्धवट आणि तिखटमीठ लावून. म्हणून मराठी पानासाठी काहीतरी लिही असा आग्रह झाल्यावर हीच लिहायचं ठरवलं.

मी सांगली जिल्ह्यातला, कृष्णाकाठचा. आमच्या गावात पोर जरा मोठं झालं की कमरेला सुकलेला भोपळा बांधून त्याला पाण्यात सोडतात. त्यामुळे शाळेच्या निवड चाचणीत सहा जणांत मी सहावा आलो, हे आमच्या आजीला अजून पटलेलं नाही. "तिथलं पाणीच वायलं असंल," असं तिचं म्हणणं. पाणी तेच आहे, घड्याळ नवं आहे. नदीत पलीकडच्या काठाला लागलं की झालं. किती वेळात लागलास, असं तिथे कुणी विचारत नाही.

संघात जागा नाही म्हणून क्रीडा विभागाच्या सरांनी मला टायमिंगच्या टेबलावर बसवलं. खरं सांगायचं तर मला ते लागलं होतं. हाऊसच्या रंगाची टोपी घालून ब्लॉकवर उभा राहणाऱ्याला जो मान असतो, तो छत्रीखाली लॅपटॉप घेऊन बसणाऱ्याला नसतो. त्यातून सुट्टीत घरी गेल्यावर काय सांगायचं, हा प्रश्न होताच. पण दोन आठवड्यांच्या सरावात मला त्या टेबलाची गोडी लागली.

ज्या पालकांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पूलच्या काठावर टेबलावर एक करड्या रंगाचा कन्सोल असतो. आम्ही त्याला डबाच म्हणतो. भोंगा वाजला की डब्यातलं घड्याळ सुरू होतं. प्रत्येक लेनच्या टोकाला एक कॅडेट हातात बटण घेऊन उभा असतो. पोहणाऱ्याचा हात भिंतीला लागला की तो बटण दाबतो, आणि त्या लेनची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत डब्याच्या डिस्प्लेवर थांबते. मोठ्या स्पर्धांमध्ये भिंतीवरच पॅड लावलेले असतात, पोहणारा स्वतःच आपलं घड्याळ थांबवतो. आमच्याकडे अजून बटणं आहेत. डब्याच्या मागे नऊ पिनांचं एक सॉकेट असतं. हल्लीच्या लॅपटॉपला तसलं सॉकेट नसतं, म्हणून तिथून निघालेली केबल एका अंगठ्याएवढ्या कन्व्हर्टरला जोडायची आणि तो कन्व्हर्टर लॅपटॉपच्या यूएसबीत. लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर आलेल्या वेळा नावांपुढे बसवतं, क्रमांक लावतं, हाऊसचे गुण मिळवतं.

म्हणजे वेळ डबा मोजतो. लॅपटॉप नुसता लिहून घेतो. एवढं वाक्य मी त्या दिवशी डोक्यात ठेवलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

स्पर्धेच्या सकाळी पहिल्या सहा शर्यती छान पार पडल्या. साडेदहाच्या सुमारास छत्रीची सावली सरकली आणि लॅपटॉपच्या पडद्यावर काही दिसेना. दोघांनी टेबल उचलून चार पावलं मागे, पॅव्हिलियनच्या सावलीत नेलं. उचलताना ताण पडू नये म्हणून मी कन्व्हर्टर काढला होता. टेबल टेकवल्यावर केबल उजव्या बाजूने सोयीची पडत होती, म्हणून तो उजव्या बाजूच्या भोकात घातला. आधी डावीकडे होता. भोकं सारखीच दिसतात.

मग सातवी शर्यत. लेन चारमध्ये दुसऱ्या हाऊसचा एक ज्युनियर होता. पन्नास मीटरच्या वळणापासूनच लोक उभे राहायला लागले. आपल्या पूलच्या भिंतीवर रेकॉर्डचा जो लाकडी बोर्ड आहे, त्यावर या शर्यतीची वेळ १ मिनिट ६.८ सेकंद अशी रंगवलेली आहे, आणि आमच्यापैकी कुणीही शाळेत येण्याच्या आधीपासून ती तिथे आहे. पोराचा हात भिंतीला लागला, बटण दाबलं गेलं, आणि सगळा पॅव्हिलियन वळून माझ्याकडे बघायला लागला.

लॅपटॉपवर सहाच्या सहा रकाने कोरे.

डब्यावर वेळा होत्या. मला त्या दिसतही होत्या, लाल आकड्यांत, सहा ओळी. मी त्या वाचल्या नाहीत. माझी नजर पडद्यावर खिळली होती. मी एन्टर दाबलं, खिडकी बंद करून उघडली, केबल हलवली. मागून कुणीतरी म्हणालं, "कितना आया?" मग सर स्वतः उठून यायला लागले. ते टेबलाशी पोचायच्या आत काहीतरी सुरू झालेलं असावं, एवढंच डोक्यात होतं. वसतिगृहात पंखा, गीझर, टीव्ही काहीही अडलं तर आपण जे करतो तेच मी केलं. डबा बंद करून पुन्हा चालू केला.

आमचा डबा जुना आहे. शेवटच्या शर्यतीच्या वेळा पुढचा भोंगा वाजेपर्यंत त्याच्या स्मरणात राहतात, पण आतली बॅटरी केव्हाच संपलेली असल्यामुळे वीज गेली की सगळं पुसलं जातं. हे मला माहीत होतं. सरावाच्या पहिल्याच दिवशी मला ते सांगितलं होतं आणि मी "येस सर" म्हटलं होतं. डिस्प्ले उजळला, सहा ओळींत शून्यं आली.

"क्या हुआ?" सरांनी विचारलं.

"सर, हँग हो गया. अपने आप बंद हुआ और चालू हुआ."

हे वाक्य मी ठरवून बोललो नाही. ते तोंडातून निघालं आणि निघाल्यावर माझं झालं.

त्या लेनवर एकच स्टॉपवॉच होतं, कारण यंत्र आहे म्हटल्यावर बाकीची कपाटात ठेवलेली होती. त्या एका स्टॉपवॉचने १:०६.७१ दाखवलं. बोर्डापेक्षा नऊ शतांश सेकंदांनी कमी. आपल्याकडचा नियम असा, की रेकॉर्डसाठी एकतर यंत्राची वेळ हवी किंवा तीन घड्याळं हवीत. एका अंगठ्यावर रेकॉर्ड मिळत नाही. पोराला पहिल्या क्रमांकाचे गुण मिळाले, पदक मिळालं, बोर्ड तसाच राहिला. त्याच्या हाऊसचे लोक टेबलाभोवती जमले होते. ते यंत्राला शिव्या देत होते. मला कुणी काही म्हणालं नाही, उलट एकाने पाठीवर थाप मारली. तेव्हा मला पहिल्यांदा पोटात कसंतरी झालं.

नऊ शतांशांवरून एवढं काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. संध्याकाळी रोल कॉलनंतर आमच्या पीटी उस्तादांनी मिल्खा सिंगांचा विषय काढला. फौजेत ईएमईचे जवान म्हणून भरती झालेले मिल्खा सिंग १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरला चौथे आले, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्यांच्या त्या धावण्याच्या दोन वेळा नोंदलेल्या आहेत, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. हातातल्या घड्याळाची ४५.६ आणि विजेवरच्या घड्याळाची ४५.७३. माणूस एकच, धाव एकच. बंदुकीचा धूर पाहून अंगठा दाबेपर्यंत थोडा वेळ जातोच, आणि शेवटची रेष तर आधीपासून दिसत असते, म्हणून हाताची वेळ बहुधा कमी भरते.

त्याच ऑलिंपिकमध्ये पोहण्यातही घोटाळा झाला होता. पुरुषांच्या १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ऑस्ट्रेलियाचा जॉन डेव्हिट आणि अमेरिकेचा लान्स लार्सन जवळजवळ एकदमच भिंतीला लागले. डेव्हिटच्या तिन्ही घड्याळांनी ५५.२ दाखवलं, लार्सनच्या घड्याळांनी ५५.०, ५५.१ आणि ५५.१. तरी पंचांच्या डोळ्यांवर भिस्त ठेवून सुवर्णपदक डेव्हिटला दिलं गेलं आणि दोघांचीही वेळ ५५.२ लिहिली गेली. आठ वर्षांनी मेक्सिकोत भिंतीला पॅड लागले. मग १९७२ला म्युनिकमध्ये उलटी गंमत झाली. ४०० मीटर वैयक्तिक मिडलेमध्ये स्वीडनचा गुन्नार लार्सन अमेरिकेच्या टिम मॅकीपेक्षा सेकंदाच्या दोन हजारांशाने पुढे ठरला. त्या वेगाने दोन हजारांश म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर. एवढ्या अचूक तर लेनच्या भिंतीही बांधलेल्या नसतात. त्यानंतर पोहण्यात शतांशापाशी थांबायचं ठरलं. तेव्हा शतांश ही काही फुकट मिळालेली गोष्ट नाही, आणि मी सहा लेनचे शतांश एका स्विचने पुसून टाकले होते.

दुसऱ्या दिवसापासून डब्याची तपासणी सुरू झाली. दहा दिवसांवर आंतरशालेय स्पर्धा होत्या, त्या आपल्याच पूलवर, आणि डब्याशिवाय होणार नव्हत्या. फिजिक्सचे सर आणि शाळेचे इलेक्ट्रिशियन भैया दोघे कामाला लागले. आता त्यांच्या बाजूने विचार करा. यंत्र आपोआप बंद होऊन चालू झालं, असं प्रत्यक्ष साक्षीदार सांगतो आहे. मग संशय विजेवरच जाणार. त्यांनी अडॅप्टर बदलला. एक्स्टेन्शन बोर्ड उघडून पट्ट्या घासल्या. मीटर लावून तासभर व्होल्टेज बघत बसले. डबा मख्खपणे चालू राहिला. पण लॅपटॉपवर मात्र अजूनही एकही आकडा येत नव्हता. तेव्हा त्यांनी तर्क बांधला, की विजेचा झटका बसून डबा क्षणभर बंद पडला असणार आणि त्याच झटक्यात त्याच्या मागच्या सॉकेटचा सर्किट गेला असणार. तर्कात काही चूक नव्हती. पाया माझा होता.

मी त्या दोन्ही संध्याकाळी तिथेच होतो. टॉर्च धरायला, स्क्रू ठेवायला. रात्री प्रेपनंतर परवानगी काढून एकटा लॅपटॉपशी बसायचो आणि सॉफ्टवेअरमधलं जे दिसेल ते बदलून बघायचो. एकदा वेळ आलेली दिसली तर सगळं आपोआप मिटेल, अशी आशा. काय बदललं हे लिहून ठेवत नव्हतो. तिसऱ्या दिवशी ठरलं, की डबा खोक्यात भरून दुरुस्तीला पाठवायचा. तो दहा दिवसांत परत येणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं.

मध्ये रविवार आला. रविवारी घरी फोन.

माझे बाबा ईएमईतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आता गावात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. उसाच्या पाण्याचे पंप, स्टार्टर, पॅनेल, जे येईल ते. लहानपणी मी दुकानात लुडबुड करायचो तेव्हा त्यांचं एकच ठरलेलं वाक्य असायचं: "बिघाड दिसला की पहिल्यांदा हात खिशात." आधी बघायचं, ऐकायचं, वास घ्यायचा, आणलेल्या माणसाला विचारायचं. हात नंतर. हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं असेल. खिसा नसलेल्या स्पोर्ट्स शॉर्टमध्ये ते आठवलं नाही.

मी त्यांना डब्याची हकिकत सांगितली. सगळ्यांना सांगितली होती तशीच. त्यांना यंत्राचं काही ऐकलं की बरं वाटतं.

"आपोआप बंद पडलं म्हणतोस. त्या बोर्डावर आणखी काय लावलेलं?"

"लॅपटॉपचा चार्जर. आणि माइकचा अँप्लिफायर."

"माइक गेला का त्या वेळी?"

"नाही."

"लॅपटॉपवर चार्जिंगचं गेलं का?"

"नाही."

"बरं. वेळ येईना म्हणून तुझ्या लक्षात आलं, तेव्हा डब्यावर आकडे होते?"

"होते."

"म्हणजे आकडे यायचे आधी थांबले आणि डबा नंतर बंद झाला. व्हय ना? मग बंद व्हायच्या आधीच काहीतरी तुटलेलं होतं. आणि वीज तर गेलीच नव्हती." थोडा वेळ नुसता दुकानातल्या रेडिओचा आवाज. "मग डबा बंद कुणी केला रं?"

चार प्रश्न. सातशे मैलांवरून, यंत्र न बघता. फोनच्या रांगेत माझ्यामागे तिघे उभे होते. मी म्हणालो, "मी."

मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "शेतकरी मोटार घेऊन येतो आन् सांगतो, आपोआप जळली. मी विचारतो, फ्यूजच्या जागी तार कुणी घातली? तो गप्प. मग मी उगाच सगळी कॉइल उसवतो. पैसे त्याचे, पण दिवस माझा जातो. तुझ्या एका वाक्यापायी दोन माणसं तीन दिवस उसवत बसल्यात. जा, सांग त्यांना. आज सांग, उद्या डबा गाडीत चढंल."

मी विचारलं, "आणि तो लेन चारचा मुलगा?"

"त्याचं तुझं तू बघ," म्हणाले, आणि आईकडे फोन दिला. आईने जेवणाचं विचारलं.

फिजिक्सचे सर स्टाफ क्वार्टर्समध्ये पहिल्या मजल्यावर राहतात. मी त्यांच्या दारात सावधान उभा राहून सगळं एका दमात सांगितलं. हिंदीत बोलायचं पाठ करून गेलो होतो, मध्येच मराठी शब्द आले. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तो सप्लाय ठीक है," ते म्हणाले. बस, एवढंच. मग चप्पल घातली आणि किल्ल्या घेतल्या. माझ्याबद्दल जे बोलायचं ते त्यांनी नंतर क्रीडा विभागाच्या सरांना सांगितलं. मला जे बोलायचं ते त्यांनी कधीच बोललं नाही, आणि ते अजून उधार आहे असं मला वाटतं.

स्टोअरमध्ये गेल्यावर त्यांनी डब्याला हातच लावला नाही. डबा, केबल, कन्व्हर्टर, लॅपटॉप, सॉफ्टवेअर अशी साखळी कागदावर काढली आणि मध्ये रेघ मारली. कन्व्हर्टरच्या नऊ पिनांतल्या दोन आणि तीन नंबरच्या पिना महत्त्वाच्या. एकीतून माहिती बाहेर जाते, दुसरीतून आत येते. या दोन पिना एकमेकींना जोडल्या तर लॅपटॉप जे पाठवेल तेच त्याला परत ऐकू यायला हवं. डोंगरात हाक मारून बघण्यासारखं. सरांनी माझ्या वहीला लावलेली यू-क्लिप काढली, वाकवून दोन पिनांवर बसवली, आणि अक्षरं पाठवायचा एक साधा प्रोग्राम उघडला.

त्या प्रोग्रामने विचारलं, कुठला पोर्ट? यादीत एकच नाव होतं: कॉम ५.

"स्पर्धेच्या सॉफ्टवेअरमध्ये काय आहे?" सरांनी विचारलं. मी बघितलं. कॉम ३.

यूएसबीच्या प्रत्येक भोकात असा कन्व्हर्टर पहिल्यांदा घातला की विंडोज त्याला नवा नंबर देऊ शकतं. डावीकडे तो कॉम ३ होता, उजवीकडे कॉम ५ झाला. सॉफ्टवेअर तीन नंबरच्या दारात कान लावून बसलं होतं आणि डबा पाच नंबरच्या दारावर ठोठावत होता. जुनं सॉफ्टवेअर आहे, पोर्ट सापडला नाही तरी आरडाओरडा करत नाही. खालच्या कोपऱ्यात हिरव्या ठिपक्याचा लाल ठिपका होतो, इतकंच. तो ठिपका त्या दिवशीही लाल झालेला असणार. शर्यत सुरू होण्याआधी मी तिकडे एकदा बघितलं असतं, तर कन्व्हर्टर जुन्या भोकात घालायला पाच सेकंद लागले असते.

सरांनी क्लिपवर प्रयोग पुरा केला. अक्षर टाइप केलं की परत येत होतं, क्लिप काढली की येत नव्हतं. म्हणजे लॅपटॉप आणि कन्व्हर्टर दोन्ही ठीक. मग केबल जोडून तिच्या दुसऱ्या टोकाला क्लिप. तीही ठीक. मग डबा जोडला, सॉफ्टवेअरमध्ये पोर्ट ५ केला, भोंगा वाजवला, बटण दाबलं.

पडद्यावर कचरा आला. प्रश्नचिन्हं, चौकोन, कसलीतरी अक्षरं. सर पुढे वाकून बघायला लागले आणि म्हणाले, आता मात्र डब्याचाच सर्किट दिसतो.

मी म्हणालो, "सर, हे पण मीच केलंय."

रात्री एकटा बसून जे जे बदललं होतं, त्यात माहितीचा वेग होता. डब्याच्या पुस्तिकेत ९६०० लिहिलंय, मी तो कधीतरी १९२०० करून ठेवला होता. एकजण सावकाश बोलतोय आणि ऐकणारा दुप्पट वेगाने लिहून घेतोय, मग कागदावर असलं काहीतरी उमटणारच. वेग परत ९६०० केला. सहा ओळींत सहा वेळा आल्या, स्वच्छ. सरांनी पहिल्यांदा हसून माझ्याकडे बघितलं, म्हणजे मला तरी ते हसू वाटलं. जाता जाता त्यांनी लॅपटॉपची आणखी एक खोड मोडली. वीज वाचवायला तो रिकाम्या वेळात यूएसबी झोपवतो, ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन बंद केलं. मग कन्व्हर्टरवर आणि डावीकडच्या भोकाजवळ पिवळ्या टेपचा एकेक तुकडा चिकटवला. ते तुकडे अजून आहेत, बघून या.

सगळं मिळून पंचवीस मिनिटं लागली. त्याआधीचे तीन दिवस वेगळे.

सोमवारी सकाळी फॉल-इनच्या आधी मी लेन चारच्या मुलाच्या हाऊसमध्ये गेलो. सीनियरने ज्युनियरची माफी मागणं आपल्याकडे फारसं घडत नाही, कसं उभं राहायचं तेही कळत नव्हतं. तो बुटांना पॉलिश करत होता. मी सांगितलं, की यंत्र बिघडलं नव्हतं, तुझी वेळ डब्यावर होती आणि ती मी घालवली. त्याने ब्रश थांबवला. मला वाटलं तो विचारेल की डब्यावर काय आकडा होता. ते मलाही कधी कळणार नाही, समोर होता तरी मी वाचला नाही, हे उत्तर मी तयार ठेवलं होतं. त्याने विचारलं नाही. "ओके सर," म्हणाला, आणि दुसरा बूट उचलला. त्याचे डोळे भरले होते की पॉलिशच्या वासाने चुरचुरत होते, ते मी बघत थांबलो नाही.

क्रीडा विभागाच्या सरांनी मला लॅपटॉपवरून काढलं. शिक्षा म्हणून सात दिवस एक्स्ट्रा ड्रिल लागलं, ते ठीक. पण आंतरशालेय स्पर्धेत मी पुन्हा टेबलावरच होतो. या वेळी पेन्सिल, कार्बन पेपर आणि रेघा मारलेलं पॅड घेऊन. प्रत्येक शर्यत संपली की डब्यावरचे आकडे वाचून हाताने लिहायचे, सही करायची, मगच पुढच्या भोंग्याला मान हलवायची. मी मान हलवल्याशिवाय स्टार्टरने भोंगा वाजवायचा नाही, असा हुकूम होता. दिवसभर लॅपटॉप एकदाही अडखळला नाही. बेचाळीस शर्यती झाल्या, बेचाळीस कागद भरले, आणि कुणालाही त्यांची गरज पडली नाही. दुपारनंतर बोटं निळी झाली होती.

आपला ज्युनियर त्या दिवशीही लेन चारमध्येच होता. वळण चांगलं घेतलं, पण शेवटच्या पंधरा मीटरमध्ये हात जड झालेले लांबूनही दिसत होते. दुसरा आला. टॉवेल गुंडाळून तो थेट टेबलाशी आला. लॅपटॉपवरचा निकाल छापून यायला अजून मिनिटभर होतं. तो माझ्यासमोर उभा राहिला, अंगावरून पाणी पॅडवर ठिबकत होतं, ते मी बाजूला ओढलं.

"कितना आया, सर?"

मी लिहिलेलं वाचून दाखवलं. एक मिनिट, सात सेकंद, अडतीस.

त्याने स्वतः वाकून आकडा बघितला. मग डब्याकडे बघितलं, तिथेही तोच होता. मान हलवली आणि कपडे बदलायला गेला.